पहिलं सीएनसी: बेड लहान चालेल, लुळी गॅन्ट्री चालणार नाही

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवर दहा बाय बारा फुटांची खोली आहे, सुतारकामाचा नाद जुना आहे, हातात ६०,००० रुपये आहेत. सागाच्या नावाच्या पाट्या करायच्यात, देव्हाऱ्याच्या कमानी आणि त्यावर थोडं उठावाचं काम करायचंय, ‘आणि जमलंच तर अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट’. त्यासाठी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणारं मशीन घ्यायचंय. ३०१८ (३०० × १८० मिमी बेडचं) घ्यावं, ६०९० (६०० × ९०० मिमीचं) घ्यावं, की स्वतःच बांधावं? सॉफ्टवेअर कोणतं वापरावं? आणि जुनं मशीन मिळत असेल तर घ्यावं का?

आधी सरळ सांगतो. ३०१८ तुमच्या कामाला पुरणार नाही. या पैशात कोणी ६०९० देतो म्हणाला तर घेऊ नका. ३०० × ४०० किंवा ४०० × ४०० मिमीच्या आसपासचं, जाड गॅन्ट्रीचं (बेडवरून आडवी जाणारी, कटर पेलणारी तुळई), चांगल्या रेलवर चालणारं मशीन बघा, आणि साठातले चाळीसच मशीनवर घाला. का, ते सविस्तर लिहितो. दुकानदार तुम्हाला बेडचं माप सांगेल, मोटरचे वॉट सांगेल, पण ज्यावर सगळं अवलंबून आहे त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

ती गोष्ट म्हणजे कडकपणा. कटर लाकडात घुसला की लाकूड त्याला उलटं ढकलतं. तो जोर कटरमधून स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या मोटरला), तिथून झेडच्या, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या प्लेटला, तिथून गॅन्ट्रीला आणि शेवटी फ्रेमला जातो. या साखळीत जे सगळ्यात लुळं असेल ते वाकतं, आणि कटर जिथे असायला हवा तिथून सरकतो. दोन्ही टोकांना धरलेल्या आडव्या तुळईचं वाकणं तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ३०० मिमीची गॅन्ट्री तीच एक्स्ट्रूजन (साच्यातून काढलेली तयार पट्टी) ठेवून ६०० मिमीची केली, तर तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते. स्वस्तातलं मोठं मशीन बहुतेक वेळा असंच ‘मोठं’ केलेलं असतं: सेक्शन तोच, मोटर त्याच, फक्त लांबी वाढवलेली. साहित्याचाही फरक पडतो. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट कडक आहे. पण घरगुती मशीनमध्ये त्याहून जास्त महत्त्व सेक्शनच्या उंची-जाडीला आणि सांध्यांना असतं. २०×४०च्या एक्स्ट्रूजनला दोन बोल्ट मारून जोडलेला कोपरा आणि १२ मिमीच्या प्लेटला सहा बोल्टनी आवळलेला कोपरा यांची तुलनाच नको.

मशीन लुळं असेल तर माप चुकतं एवढ्यावर भागत नाही. चॅटर, म्हणजे कटरची थरथर सुरू होते, कडेला लाटा उठतात, आवाज कर्कश होतो. घाबरून नवशिका फीड (कटर पुढे सरकवायचा वेग) कमी करतो, आणि इथेच काम आणखी बिघडतं. फीडचा हिशोब सोपा आहे: आरपीएम गुणिले फ्लूटची (कटरच्या धारांची) संख्या गुणिले दर धारेमागे निघणाऱ्या चिपची जाडी. दोन फ्लूटचा कटर १०,००० आरपीएमवर फिरतोय आणि धारेमागे ०.०५ मिमी चिप हवी, तर फीड मिनिटाला १,००० मिमी लागतो. तुम्ही तो ३०० वर आणलात की चिप ०.०१५ मिमीवर येते. एवढी पातळ चिप कापली जात नाही. धार नुसती घासत राहते, गरम होते आणि बोथटते. सागावर काळे डाग पडतात. लोक म्हणतात कटर हलका होता. कटर ठीक असतो. मशीनला पाहिजे तो फीड झेपत नाही, हे खरं कारण.

३०१८ला उगाच नावं ठेवायची नाहीत. नावाप्रमाणे ३०० × १८० मिमीचा बेड, झेडला ४५ मिमीच्या आसपास चाल, २४ व्होल्टची ७७५ मोटर, टी-८ लीडस्क्रू (फिरून मशीन सरकवणारा आटेदार दांडा), जीआरबीएल नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा बोर्ड. झिरो (कामाचा आरंभबिंदू) कसा घ्यायचा, जी-कोड (मशीनला सरकण्याचे हुकूम) कसा पाठवायचा, जॉब (कोरायचा तुकडा) कसा आवळायचा, हे सगळं त्यावर शिकता येतं. पीसीबी कोरायला, अ‍ॅक्रिलिकवर अक्षरं काढायला, मऊ लाकडात उथळ काम करायला ते बरं आहे. पण ७७५ ही मूळची डीसी मोटर आहे, स्पिंडल म्हणून बनवलेली नाही. तिच्या बेअरिंगना आडवा जोर सोसत नाही. आणि पाटी साधारण १२ × ६ इंचांची, म्हणजे ३०० × १५० मिमी. क्लॅम्पला जागा कुठून आणणार? तुम्हाला हे मशीन वर्षभरात विकावं लागेल, म्हणून नको म्हणतोय.

मशीन बघायला जाल तेव्हा खिशात दोन गोष्टी ठेवा: मॅग्नेटिक बेससकट डायल गेज (बारीक सरकणं काट्याने दाखवणारं माप), आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा वजनकाटा. नाशिकला सातपूर-अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये डायल उसना मिळेल. बेड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मॅग्नेट चिकटणार नाही, तेव्हा एक लोखंडी पट्टी बेडवर क्लॅम्पने आवळा आणि त्यावर बेस बसवा. मशीन चालू करून मोटरना करंट राहू द्या, गॅन्ट्री मधोमध आणा, झेड खाली घ्या. डायलचं टोक कॉलेटच्या (कटर पकडणाऱ्या चिमट्याच्या) नटवर टेकवा आणि वजनकाटा समोरच्या बाजूने अडकवून ५ किलोपर्यंत ओढा. मग सोडा. हे एक्समध्ये (डावी-उजवी) करा आणि वायमध्ये (पुढे-मागे) करा. माझा अंदाजाचा नियम असा: ५ किलोला ०.२ मिमीच्या आत वाकत असेल तर लाकडाला चालेल, ०.१च्या आत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा. आणि सोडल्यावर डायलचा काटा शून्यावर परत आलाच पाहिजे. परत येत नसेल तर ते वाकणं नाही, कुठेतरी ढिलाई आहे: नट झिजलाय, कपलिंग सरकतंय किंवा बोल्ट सैल आहे. विकणारा ही चाचणी करू देत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

रेलबद्दल. बाजारात चार प्रकार दिसतील. एक्स्ट्रूजनच्या खाचेतून पळणारी प्लॅस्टिकची व्ही-चाकं. दोन टोकांना धरलेला गोल शाफ्ट. खालून पूर्ण आधार असलेला गोल शाफ्ट, म्हणजे एसबीआर. आणि चौकोनी रेल, एचजीआर किंवा छोट्या मापात एमजीएन. चाकं लेझरला ठीक, कटरला नाहीत. एका जागी उभी राहिली की चपटी होतात. टोकांना धरलेला शाफ्ट लहान मशीनवर चालतो, पण ६०० मिमीवर मध्ये झोळ खातो, आणि स्वस्त ६०४०मध्ये तो अजून दिसतो. तुमच्या बजेटात एसबीआर सहज येईल, एचजीआर १५ घासाघीस करून येईल. आलं तर एचजीआरच घ्या.

स्क्रूमध्ये टी-८ असेल तर स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट (दिशा उलटताना पडणारी ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, खाणारा) आहे का ते बघा. १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा, मिळाला तर उत्तम. पण बॉलस्क्रूला भुसा आवडत नाही. वर पत्र्याचं किंवा रबराचं झाकण हवं. पावसाळ्यात उघड्या रेलवर दोन महिन्यांत तांबूस ठिपके येतात. तुमची खोली गच्चीवर आहे, म्हणजे ओल जास्तच. आठवड्याला पातळ तेलाचं फडकं फिरवा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना तर मी मशीनवर कापड टाकून आत साठ वॉटचा बल्ब लावून ठेवायला सांगतो.

स्पिंडलवर लोक नको तितका वेळ घालवतात. पहिल्या मशीनला वेग कमी-जास्त करता येणारा, ६५ मिमी गोल बॉडीचा चांगल्या कंपनीचा ट्रिमर (सुतारांचा हातातला छोटा राउटर) पुरतो. मकिताचा आरटी ०७०० हा ७१० वॉटचा, १०,००० ते ३०,००० आरपीएमचा ट्रिमर जगभर याच कामाला वापरतात. आवाज भयंकर करतो, ब्रश बदलावे लागतात, पण पडेल ते काम करतो. मशीन घेताना स्पिंडलचा क्लॅम्प ६५ मिमीचा आहे एवढं बघा, म्हणजे पुढे ८०० वॉटचा स्पिंडल आणि व्हीएफडी (त्याचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावता येईल. तो घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा: हे स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० फिरतात आणि व्हीएफडीचं सेटिंग कारखान्यातून ५० हर्ट्झचं येऊ शकतं. पॅरामीटर न बघता चालू केलेला स्पिंडल जाळून घेणारे कमी नाहीत. केबल शील्डची, शील्डला अर्थिंग, आणि ही केबल लिमिट स्विचच्या (टोकाला पोचलं की मशीन थांबवणाऱ्या) तारांपासून लांब. नाहीतर मध्येच मशीन ‘लिमिट लागली’ म्हणून थांबेल आणि तुम्ही जी-कोडमध्ये चूक शोधत बसाल. व्हीएफडीमुळे घरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. तो काढून टाकू नका. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्या.

वीज जाण्याचा प्रश्न परदेशी व्हिडिओंमध्ये कधी येत नाही, इथे रोजचा आहे. अनेकजण कंट्रोलर आणि लॅपटॉप यूपीएसवर टाकतात आणि स्पिंडल थेट लाइनवर ठेवतात. वीज गेली की स्पिंडल थांबतो, पण मोटर मशीनला पुढे ढकलतच राहतात. थांबलेला कटर लाकडात नांगरला जातो आणि मोडतो. त्यापेक्षा सगळं एकदम बंद पडू द्या आणि परत उभं करायची सोय ठेवा. त्यासाठी तिन्ही अक्षांना होमिंगचे स्विच (मशीनला आपलं मूळ ठिकाण शोधून देणारे) हवेत. जीआरबीएलमध्ये डॉलर २२ एक केलं की होमिंग चालू होतं, आणि जी-५४चा वर्क झिरो बोर्डाच्या मेमरीत जपला जातो. वीज आली, होम केलं, की झिरो जिथल्या तिथे सापडतो, आणि अर्धवट राहिलेल्या ओळीपासून पुढे जाता येतं. होमिंग नसलेल्या मशीनवर पाच तासांचं उठावाचं काम लावणं म्हणजे महावितरणवर पैज लावणं. आणि लाल इमर्जन्सी बटण स्पिंडलची वीज तोडतंय ना, ते विकणाऱ्यासमोर दाबून बघा. पुष्कळ मशीनवर ते फक्त कंट्रोलर बंद करतं.

कंट्रोलर जीआरबीएलचा असेल तर पहिल्या मशीनला भरपूर झालं. २००९मध्ये आर्डुइनोसाठी सुरू झालेला हा फुकट प्रकल्प आता इतका रुळलाय की कुठलीही अडचण कुणीतरी आधी सोडवलेली सापडते. ईएसपी-३२वरचं फ्लुइडएनसी त्याच घराण्यातलं. माक-३चं मशीन मिळालं तरी वाईट नाही, फक्त पॅरलल पोर्टवालं असेल तर ३२ बिट विंडोजचा जुना कॉम्प्युटर सांभाळावा लागतो.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे मराठी माणसाची खास डोकेदुखी. फ्युजनचं वैयक्तिक लायसन्स फुकट आहे, त्यात थ्रीडी कॅम (चित्रावरून जी-कोड बनवणारा भाग) मिळतं, पण रॅपिड चाल (न कापता होणारी सरक) फीडच्याच वेगाने होते आणि ते धंद्यासाठी नाही. पाट्या विकणार असाल तर हे ध्यानात घ्या. फ्रीकॅड पूर्ण मोकळं आहे, शिकायला जड आहे. व्हेक्ट्रिकचं व्हीकार्व्ह पैशाचं, पण पाट्यांच्या कामाला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. सुरुवातीला मी इंकस्केप आणि एफ-एनग्रेव्ह ही जोडी सांगेन, दोन्ही फुकट. आणि जी-कोड पाठवायला यूजीएस किंवा जीसेंडर.

अक्षरं मात्र कॅम सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप करू नका. बऱ्याच प्रोग्रॅमना देवनागरी जोडता येत नाही. ‘शिवकृपा’ टाइप केलंत तर वेलांटी शच्या उजवीकडे पडते, ‘कुलकर्णी’मधला रफार सुटून र आणि हलन्त वेगळे उभे राहतात. पडद्यावर घाईत ते दिसत नाही, सागावर दिसतं. इंकस्केप जोडाक्षरं नीट बसवतं. तिथे युनिकोड फॉन्टमध्ये लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, ग्रुप सोडवा आणि मग सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा. ही शेवटची पायरी कुठल्याही इंग्रजी धड्यात नसते, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेखा नसते. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन न करता कोरलं तर जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे कटर प्रत्येकाची कड वेगळी काढतो आणि अखंड शिरोरेखेच्या मधोमध गाठी येतात. युनियन झालं की ‘कुलकर्णी’ची बाहेरची रेघ एकच उरते. मग डीएक्सएफ फाइल काढा.

व्ही-बिट (व्हीसारखा टोकदार कटर) निवडतानाही अक्षराचं वळण बघा. व्ही-कार्व्हिंगमध्ये रेघ जितकी रुंद तितका बिट खोल जातो. १० मिमी रुंद दंड ६० अंशाच्या बिटने कोरायला गेलात तर खोली ८.७ मिमीच्या घरात जाते. १२ मिमीच्या फळीत मागे काय उरणार? ९० अंशाचा बिट तीच रेघ ५ मिमीत संपवतो. जाड ठसठशीत देवनागरी फॉन्टला ९०चा, बारीक वळणाच्या फॉन्टला ६०चा. क, व, ष यांच्या पोटात जे छोटे बेटासारखे तुकडे उभे राहतात ते आडव्या रेषेच्या लाकडात उडून जातात. पाटीवर आधी सँडिंग सीलर किंवा चपड्याचा हात मारून वाळवा आणि मग कोरा. तंतू धरून राहतात, वर रंग भरताना तो लाकडात पसरतही नाही.

देव्हाऱ्याच्या कमानीचा वेळ आधीच मोजून ठेवा, म्हणजे निराशा नाही. समजा २०० × ३०० मिमीचं उठावाचं काम आहे आणि शेवटचा हात ३ मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने), दर फेरीला ०.३ मिमी सरकत मारायचाय. फेऱ्या होतात सुमारे ६६७, प्रत्येक ३०० मिमीची, म्हणजे कटर २०० मीटर चालतो. १,००० मिमी फीडला झाले तीन तास वीस मिनिटं, आणि झेड सतत वरखाली होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्याआधीचं रफिंग (जादा लाकूड काढणं) वेगळं. कडक मशीनवर हाच फीड दुप्पट होतो. मोठ्या बेडपेक्षा कडक मशीनने वेळ वाचतो, तो असा. आणि लांबीची काळजी फार करू नका: बेड पुढून-मागून मोकळा असेल तर दोन फुटांची कमानही पिन लावून दोन टप्प्यांत सरकवत कोरता येते.

अ‍ॅल्युमिनियमचं ‘जमलंच तर’ सध्या बाजूला ठेवा. ६०६१ची ५-६ मिमी पट्टी, एक फ्लूटचा कटर, दर फेरीला पाव मिमी आणि केरोसीनचा किंवा डब्ल्यूडी-४०चा फवारा, एवढ्यावर छोटा ब्रॅकेट निघतो. खिडकीच्या सेक्शनचा तुकडा मात्र घेऊ नका. तो मऊ असतो, चिप कटरला चिकटते आणि पुढच्या सेकंदाला कटर तुटतो. स्पिंडल ठिणग्या पाडणाऱ्या ब्रशचा असेल तर केरोसीन किंवा डब्ल्यूडी-४० नको. महिन्याला दोनच ब्रॅकेट लागत असतील तर अंबडमध्ये व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या सीएनसीवर) जॉबवर्क करून घ्या, स्वस्त पडेल.

उरलेले वीस हजार कुठे जातात ते आता. ट्रिमर आधी. कटर: ३ आणि ६ मिमीचे दोन फ्लूट अपकट, एक ६ मिमी डाउनकट, ६० आणि ९०चे व्ही, एक-दोन बॉलनोज. अपकट भुसा वर उचलतो पण सागाची वरची कड फाटवतो, डाउनकट कड स्वच्छ ठेवतो. शक्य तिथे ६ मिमीचा घ्या: तेवढ्याच लांबीला तो ३ मिमीच्या सोळापट कडक असतो. कॉलेट चांगले घ्या. स्वस्त कॉलेटचा रनआउट (डगमगत फिरणं) चांगल्या कटरलाही खातो. मग बेडवर टाकायला १८ मिमीचा एमडीएफ, क्लॅम्प, आणि व्हॅक्यूम क्लीनरला जोडायचा सायक्लोन डबा.

धुळीवर पैसे वाचवू नका. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय. एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचं रेझीन, शिसवीच्या धुळीने कित्येकांना शिंका आणि खाज. एन-९५ मास्क, बंद पेटी, बाहेर तोंड असलेला सक्शन. पेटीने आवाजही उतरतो. मशीनखाली जाड रबराचे पॅड टाका, नाहीतर गच्चीचा स्लॅब ढोलासारखा वाजेल आणि खालच्या खोलीतली माणसं दुपारी झोपू शकणार नाहीत. मशीनबरोबर लेझर फुकट देतो म्हणाले तर त्या खास तरंगलांबीचा चष्मा आणि बंद पेटी मिळेपर्यंत तो डब्यातच राहू द्या, आणि पीव्हीसी त्याखाली कधीच नको, क्लोरीनचे वायू निघतात.

स्वतः बांधावं का? तुम्हाला मशीन बांधायची हौस असेल तर जरूर. चौकोनी लोखंडी पाइपचं प्रिंटएनसी हे मोकळं डिझाइन चांगलं आहे. नाशिक, पुणे, कोल्हापूरकरांना एक फायदा असा की प्लेट लेझर कट करून, व्हीएमसीवर तोंड मारून देणारे गल्लोगल्ली आहेत. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्ससाठी तपकीर गल्ली, बाकी किरकोळीसाठी बोहरी आळी. पण पैसे वाचतील म्हणून बांधू नका. मापं चुकलेल्या प्लेट, दोनदा मागवलेले बोल्ट, कुरियर, सगळं धरून खर्च तयार मशीनच्या जवळ जातो आणि सहा महिने पाटी एकही होत नाही. तुम्हाला कोरीव काम करायचंय, तयार घ्या. आयात केलेलं स्वस्त दिसलं तर किमतीत कस्टम आणि जीएसटी धरूनच तुलना करा, आणि सुटा नट किंवा बोर्ड इथे मिळतो का तेही विचारा.

जुनं मशीन जरूर बघा, अशा मशीनमध्ये हौस संपलेल्या लोकांची बरीच असतात आणि रेल कोऱ्या असतात. वर सांगितलेली ओढायची चाचणी करा. मग एमडीएफवर ५० मिमीचं वर्तुळ कापायला लावा. कॅलिपरने चार-सहा दिशांनी मोजा. वर-खाली-डावी-उजवीकडे छोटे सपाट टप्पे दिसले तर बॅकलॅश आहे. नंतर २५० × २५०चा चौकोन पेन्सिल लावून काढा आणि दोन्ही कर्ण मोजा: ३५३.६ यायला हवेत. दोन्हींत एक मिमीहून जास्त फरक असेल तर गॅन्ट्री गुण्यात नाही. ते बोल्ट सैल करून सुधारतं, म्हणून त्यावरून मशीन नाकारू नका, भाव पाडा. घासलेला बॉलस्क्रू, खाचा पडलेली रेल, किंवा हाताने फिरवल्यावर खरखरणारा स्पिंडल दिसला तर मात्र त्या भागाची नवी किंमत वजा करून बोली लावा. विकणारा तयार झाला नाही तर दुसरं बघा.